मिठातला आणा

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. मिरजेला रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात आम्ही पाचसहा जण बोलत उभे होतो. विषय शासनाच्या योजनांचा निघाला. आमच्यातले एक निवृत्त अधिकारी जरा तावातावाने म्हणाले, ‘‘कर भरायचा आम्ही पगारदारांनी, आणि वाटप व्हायचे ज्यांनी आयुष्यात एक पैसा कर भरला नाही त्यांना!’’ जवळच एक मावशी उभ्या होत्या. लग्नाकार्यात, बारशा-वाढदिवसांना पोळ्या लाटून देणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांनी कुणाचा प्रतिवाद केला नाही. मला मात्र हळूच म्हणाल्या, ‘‘सर, मी भरायचा म्हटला तरी कुठं नेऊन भरू? माझ्याकडं कोण मागायलाच येत नाही.’’

मावशींचा प्रश्न भाबडा वाटेल, परंतु तो तसा नाही. त्यांच्याकडे कर मागायला कोणी येत नाही याचे कारण, तो त्यांच्याकडून आधीच घेतलेला असतो. कर दिसेनासा कसा झाला याचा इतिहास मोठा आहे, आणि त्याचे कितीतरी धागे आपल्या या मिरज परिसरातून जातात. त्या रविवारी मला ते नीटसे सांगता आले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याला बायबलमुळे ‘जकातदार’ हा शब्द लहानपणापासून ठाऊक असतो. संत मत्तय कफर्णहूमच्या जकातनाक्यावर बसलेला होता. जक्कय तर मुख्य जकातदार. शुभवर्तमानातल्या लोकांना जकातदाराचा एवढा तिटकारा का, हे आजच्या मुलांना समजावून सांगावे लागते. आपल्या पणजोबांना सांगावे लागले नसते. त्यांच्या काळी कराला तोंड होते, नाव होते, आणि बसायला रस्त्याच्या कडेला जागा होती.

पेशवाईत करांची नावे तर अशी की ऐकताच कळावे कोणाच्या खिशात हात गेला. दुकानदार व कारागिरांवर मोहतर्फा, बलुतेदारांवर बलुतेपट्टी, म्हशीवर म्हैसपट्टी, बकऱ्यावर बकरेपट्टी. लग्न लागले की लग्नटका. विधवेने पाट लावला तर पाटदाम. यांत अन्याय होता हे उघडच आहे. पण आपण काय देतो आणि कशासाठी देतो हे साळी-कोष्ट्याला नेमके ठाऊक असे. माग आहे म्हणून मोहतर्फा. माग मोडला तर मोहतर्फा नाही.

याला त्याच काळात एक अपवाद होता. माल बैलांच्या पाठीवरून हिंडे आणि जकात बैलाच्या ओझ्यावर आकारली जाई. एका प्रदेशातून दुसऱ्यात जाताना ती पुन्हापुन्हा भरावी लागे. व्यापारी यातून बेजार होत. तेव्हा ‘हुंडेकरी’ नावाचा एक वर्ग पुढे आला. व्यापाऱ्याने हुंडेकऱ्याला एकदाच ठरलेली रक्कम द्यायची. वाटेतल्या साऱ्या चौक्यांची जकात हुंडेकरी परस्पर भागवी आणि माल मुक्कामी पोचता करी. पेशवाई बुडाल्यानंतर १८१९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात या हुंडेकऱ्यांची नोंद आहे. व्यवस्था सोयीची होती यात शंका नाही. परंतु बाजारात गूळ किंवा कापड विकत घेणाऱ्याला त्या किमतीत किती चौक्या मुरल्या आहेत हे कळण्याचा मार्ग मात्र खुंटला. ही जुनी हुंडेकरी पद्धत ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

आपल्या भागात चौक्यांचा हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होता. पटवर्धनांच्या जहागिरीचे तुकडे पडत गेले. १८०१ मध्ये सांगली मिरजेपासून वेगळी झाली आणि १८२० मध्ये मिरजेच्याही थोरली पाती व धाकटी पाती झाल्या. शेजारी कुरुंदवाड, पलीकडे कोल्हापूर, वर सातारा. एका दिवसाच्या गाडीवाटेवर दोनतीन राज्ये लागत. पुढे रेल्वे आली, १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटा सुरू झाला, मिरज जंक्शन झाले. बैलांच्या पाठीवरची ओझी उतरली; राज्यांच्या सीमा तशाच राहिल्या.

आता १८४४ सालाकडे वळू. माझ्या मते या सगळ्या कथेतील ते निर्णायक वर्ष आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला जागा नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. त्या वर्षी कंपनी सरकारने कायदा करून मुंबई इलाख्यातील शहरजकाती आणि धंद्या-व्यवसायांवरील सारे कर एकदम रद्द केले. साळी, तेली, सोनार, कासार यांच्या डोक्यावरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा मोहतर्फा गेला. लोकांनी सरकारला दुवा द्यावा असेच हे कृत्य. परंतु सोडून दिलेले उत्पन्न सरकारला कोठून तरी भरून काढायचे होते. त्याच वर्षी मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया करण्यात आला.

एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने घेतले, एवढेच हे नव्हते. ज्याच्याकडून घ्यायचे तो माणूसच बदलला. मोहतर्फा धंदा करणारा भरी. मीठ मात्र धंदा असलेला खाई आणि नसलेलाही खाई; सावकार खाई, तशी मोलकरीणही खाई. उलट ज्याच्या जेवणात भाकरीबरोबर दुसरे काही नाही त्याला मीठ थोडे जास्तच लागते. शिवाय हा कर मिठागरावरच वसूल होई. मीठ घाट चढून वर येईपर्यंत कर किमतीत विरघळलेला असे; मीठ पाण्यात विरघळावे तसा.

सुरतेच्या लोकांनी हे ओळखले. १८४४ च्या ऑगस्टमध्ये तेथे दुकाने बंद झाली, जमाव रस्त्यावर आला, दंगल झाली. शेवटी रुपयाचे बारा आणे करावे लागले. आपल्याकडे असे काही घडल्याचे माझ्या वाचनात नाही, आणि ते घडले नसेल तर त्याला कारणही आहे. मिरज संस्थानी मुलूख. इंग्रजी हद्दीतला तो माफीचा कायदा येथे लागू नव्हता. मीठ मात्र इंग्रजी हद्दीतल्या कोकण किनाऱ्यावरूनच यायचे. म्हणजे इंग्रजी मुलखातल्या साळ्याला मोहतर्फ्याची सूट मिळाली आणि तिची किंमत त्याने मिठात भरली. मिरजेच्या साळ्याला कंपनीच्या कायद्याने सूट दिली नाही, पण मिठातली किंमत मात्र त्याच्याकडून घेतली. सवलतीला सरहद्द आडवी आली, कराला आली नाही.

गोव्याचे मीठही घाटावर येत असे. १८७८ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज सरकारांत तह झाला आणि गोव्यातील मिठाचा कारभारही इंग्रजांच्या देखरेखीखाली गेला. तो तह १८९२ मध्ये संपला, पण दरम्यान तिथली कितीतरी मिठागरे ओस पडली. आपल्यापैकी ज्या कुटुंबांची मुळे गोव्यात आहेत, त्यांच्या पूर्वजांपैकी कोणी मिठागरांवर राबले असतील, तर आगरातला रोजगार आणि स्वयंपाकघरातले मीठ या दोहोंची झळ त्यांना एकाच कराने लावली.

हा कर पुढे वाढतच गेला. १८८८ मध्ये तो मणाला अडीच रुपये झाला. अडीच रुपयांचे चाळीस आणे, आणि मणाचे शेर चाळीस. म्हणजे शेरभर मिठात बरोबर एक आणा कराचा. मीठ घेणाऱ्या बाईला वाण्याने कधी सांगितले नसेल की, बाई, यातला आणा सरकारचा. तिने एवढेच म्हटले असेल की मीठ महागले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळातील १९०२ च्या आपल्या पहिल्याच अंदाजपत्रकी भाषणात या कराच्या कपातीची मागणी केली. पुढच्याच वर्षी आठ आणे कमी झाले, १९०७ पर्यंत कर एका रुपयावर आला. गोखल्यांना मवाळ म्हणून हिणवणाऱ्यांनी गरिबाच्या भाकरीवरचे हे मीठही हिशेबात धरावे. १९२३ मध्ये कायदेमंडळाचा विरोध डावलून व्हाइसरॉयने तो पुन्हा दुप्पट केला, आणि वर्षभरातच मागे घेतला.

१९३० चे दांडी आणि शिरोडे आपण सारे जाणतो. घाटावर समुद्र नाही, मग सत्याग्रह कशाचा करायचा? शिराळा पेट्यातील बिळाशीच्या लोकांनी त्याच वर्षी जंगलाचा सत्याग्रह केला. किनाऱ्यावर मीठ जसे सरकारचे झाले होते, तसे डोंगरात गवत आणि लाकूड सरकारचे झाले होते. कर नेहमी कराच्याच नावाने येतो असे नाही, हे बिळाशीकरांना कोणी शिकवावे लागले नाही. मिठावरचा कर अखेर १९४७ मध्ये उठला. आजच्या वस्तू व सेवा करातही मीठ शून्य टक्क्यांच्या यादीत आहे. 

शहरजकात १८४४ मध्ये गेली खरी, पण नगरपालिका आल्या तशी ती पुढच्या दाराने परत आली. महात्मा जोतीराव फुले स्वतः १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. भाजीपाल्याचे ओझे घेऊन शहराच्या वेशीवर येणाऱ्या शेतकऱ्याला ही जकात कशी नाडते, हे त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडले आहे. ज्या सभेत आपण बसतो तिच्याच उत्पन्नावर बोट ठेवायला निराळे धैर्य लागते.

जकातनाका माझ्या पिढीने पाहिला आहे. बांबूचा अडसर, कंदील, रजिस्टर आणि ताटकळलेल्या मालमोटारी. तेथे घडणाऱ्या चिरीमिरीच्या कथा मी येथे सांगत नाही. त्या सर्वांना पाठ आहेत. राज्यातल्या काही महापालिकांनी वसुलीचे ठेकेही खाजगी मंडळींना दिले, म्हणजे पेशवाईतला इजारा नव्या करारपत्रावर परतला. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. मिरज त्याआधीच, १९९८ मध्ये, सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत गेली होती. त्यामुळे आपल्याकडे जकात आणखी काही वर्षे चालली. पुढे तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. त्याविरुद्ध २०१३ मध्ये राज्यभर व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली, आणि १ ऑगस्ट २०१५ रोजी तोही बहुतेकांसाठी संपला. नाके मोडले. अनेक गावांत ‘जकातनाका’ हे नाव तेवढे रिक्षाच्या थांब्याला उरले.

जुन्या वाचकांना आठवत असेल, पूर्वी साबणाच्या वेष्टनावर किंमत छापून शेजारी ‘स्थानिक कर वेगळे’ अशी सूचना असे. त्या तीन शब्दांवरून दुकानदाराशी हुज्जत व्हायची. कर किती, कोणता, तुम्ही एवढा कसा लावता? १९९० च्या सुमारास नियम बदलला आणि ‘सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत’ छापणे बंधनकारक झाले. ग्राहकाची लुबाडणूक थांबली, हे मोठेच काम झाले. परंतु हुज्जतही थांबली. कर कोणता आणि किती, हे विचारायची जागाच वेष्टनावर राहिली नाही.

विक्रीकर मुंबई प्रांतात १९४६ च्या कायद्याने आला, २००५ मध्ये त्याचा मूल्यवर्धित कर झाला, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराने यातील बहुतेकांना पोटात घेतले. वाटेतल्या साऱ्या चौक्यांऐवजी एकच रक्कम: हुंडेकरी पुन्हा आला तो असा! प्रत्येक टप्प्यावरचा व्यापारी आपण खरेदीत भरलेला कर पुढच्या करातून वजा करून घेतो. वजावट मिळत नाही फक्त शेवटच्या माणसाला, म्हणजे जो वस्तू वापरून संपवतो त्याला.

आणि वजावट न मिळणारा आणखी एक माणूस असतो. तो आपल्या मिरजेत, सतारमेकर गल्लीत भेटतो. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी येथे तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. हाताने घडवलेली देशी वाद्ये वस्तू व सेवा करातून मुक्त आहेत. ऐकायला गोड वाटते. पण पंढरपूरकडून आलेल्या भोपळ्याला लाकडाची जोड द्यावी लागते, तारा बसवाव्या लागतात, वर पॉलिश चढवावे लागते. तारेवर कर आहे, पॉलिशवर कर आहे. तयार वाद्यावर कर नसल्याने कारागिराला तो कशातूनही वजा करता येत नाही. तो एकतर किमतीत मिसळतो किंवा कारागिराच्या मजुरीतून जातो. ‘करमुक्त’ या शब्दाचा अर्थ कराविना असा नसतो. पुष्कळदा तो ‘कर न दाखवता’ एवढाच असतो.

हे सर्व खर्चाचे झाले. कमाईचे काय? पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी व्यवसाय कराची कपात असते. वर्षाचे २,५०० रुपये. ही कमाल मर्यादा राज्यघटनेत १९८८ च्या दुरुस्तीने ठरली आहे. कितीजण हा आकडा वाचतात? हा कर १९७५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेसाठी बसवला गेला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाला काम मागण्याचा हक्क देणारी ही योजना, आणि तिचे शिल्पकार वि. स. पागे आपल्याच जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातील विसापूरचे. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामासाठी थोडे द्यावे, अशी ती कल्पना. मोहतर्फ्याचाच हा नातू म्हणावा. फक्त आजोबाला नव्हते असे एक उद्दिष्ट त्याला होते. माझ्या नोकरीच्या सगळ्या काळात हा पैसा माझ्या पगारातून गेला, आणि तो कशासाठी जातो हे मला निवृत्तीनंतर समजले. समजले असते तर मी तो आनंदाने दिला असता. आता ही गोष्ट माझ्यापासून लपवली कोणी? कोणीच नाही. कायदा छापलेला होता. मीच विचारले नाही.

दुसरे उदाहरण पेट्रोलचे. पेट्रोल वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे. त्यावर केंद्राचे शुल्क वेगळे, राज्याचा कर व अधिभार वेगळा. २०१५ मध्ये राज्यात दुष्काळ पडला आणि त्याच्या निवारणासाठी लिटरमागे दोन रुपये वाढवण्यात आले. पुढच्या उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, मिरज स्थानकातून पाण्याची रेल्वे लातूरला गेली. कृष्णेचे पाणी वाघिणींत भरताना आपल्यापैकी कित्येकांनी पाहिले आहे, अभिमानाने फोटोही काढले आहेत. त्या पावसाळ्यात चांगला पाऊस झाला, लातूरची तहान भागली. पेट्रोलवरचा अधिभार मात्र पावसाने वाहून गेला नाही. २०१७ मध्ये तो निराळ्या कारणाने वाढलाच. दुष्काळासाठी दोन रुपये द्यायला मिरजकराने नकार दिला असता असे मला वाटत नाही. तो देतो आहे हेच त्याला माहीत नव्हते. आणि ठाऊक नसल्यामुळे दुष्काळ सरल्यावर ‘आता हे कशाचे?’ असेही त्याने विचारले नाही.

निवृत्त अधिकाऱ्यांचे म्हणणे मी डावलत नाही. पगारातून आयकर कापला जातो तेव्हा तो टोचतो, आणि टोचतो म्हणून त्यांना बोलण्याचा अधिकार आहे असे वाटते. मावशींचा कर टोचत नाही, म्हणून त्यांना गप्प बसावेसे वाटते. फरक इतकाच.

पुढच्या रविवारी मी मावशींना गाठले. चर्चच्या पायरीवर बसून एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर आम्ही त्यांचा महिना मांडला. मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के. म्हणजे ११८ रुपये दिले तर १८ सरकारचे. साखर, चहा, गोडेतेल यांवर ५ टक्के. सुटे पीठ करमुक्त, छापील पिशवीतले ५ टक्के. अंगाचा साबण २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्क्यांत होता, तेव्हापासून ५ टक्क्यांत. (दर बदलले ते नेमके संत मत्तयाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, हे मी त्यांना सांगितल्यावर त्या हसल्या.) त्याच दिवसापासून पोळी आणि पराठा शून्य टक्क्यांत गेले आहेत, हे ऐकून त्यांना फार बरे वाटले. मग त्यांनी थोडा विचार केला.

‘‘आणि गॅसची टाकी?’’

पाच टक्के, मी म्हणालो. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि पाकिटावर तेवढी एक ओळ स्वतःच्या हाताने वाढवली.